ग्लोव्हला काय लावलं?

"पुंजाराम, ह्याला काय लावलंयस?"

डॉक्टर गर्ग्यांनी डाव्या हातातला ग्लोव्ह खसकन ओढून काढला आणि पुंजारामच्या तोंडासमोर धरला. सातव्या होलचा पहिला फटका नुकताच मारून झाला होता. चेंडू कुठे गेला ते कुणीच पाहिलं नव्हतं, कारण सगळे काठीकडे बघत होते. ती गर्ग्यांच्या हातातून निसटून दहा-बारा हात पुढे गवतात जाऊन पडली होती.

"काहीच नाही लावलं, साहेब," पुंजाराम म्हणाला.

"मग असा बुळबुळीत कसा लागतो? तेल आहे ह्यावर. वसुधा, तू बघ. तू पंच आहेस."

मी ग्लोव्ह हातात घेतला. पांढरा, मेंढीच्या पातळ कातड्याचा, घामाने थोडा दमट. बोट फिरवलं. तेल मला लागलं नाही. उलट तळव्याकडच्या बाजूला बारीक रेतीसारखं काहीतरी खरखरलं. नाकाशी धरला, तर धूप जाळल्यावर येतो तसा पुसट वास आला. त्या क्षणी मी एवढंच ठरवलं, की ह्या ग्लोव्हला कुणीतरी काहीतरी लावलं आहे.

ह्याला आता बावीस वर्षं झाली. नाशिकच्या बाहेर, टेकड्यांच्या पायथ्याशी आमचा गोल्फ क्लब होता आणि त्या रविवारी वार्षिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूला डॉक्टर श्रीनिवास गर्गे. शहरातले नावाजलेले सर्जन, वय सत्तावन्न. दुसऱ्या बाजूला किशोर पारख, लोखंडाचे व्यापारी. सामना सरळ होता. अठरा होलांत जो जास्त होल जिंकेल तो विजेता. नेहमीचे पंच डेंग्यूने आडवे झाले होते आणि नियमांचं पुस्तक वाचलेली दुसरी व्यक्ती क्लबात मीच होते, म्हणून टोपी घालून मी बरोबर चालत होते.

पारखांनी सकाळीच मला ऐकवलं होतं. "बाई, तुम्ही पंच, माझी हरकत नाही. पण सोमवारी सकाळी तुम्हाला ह्यांच्याच टेबलाशी उभं राहायचंय, हे माझ्या लक्षात आहे."

ते खोटं नव्हतं. मी भूलतज्ज्ञ. अकरा वर्षं गर्ग्यांच्या शस्त्रक्रियांना भूल मीच देत होते. रोग्याच्या उशाशी मी, पोटाशी किंवा गळ्याशी ते. त्यांनी मान वर न करता "वसुधा, दाब?" म्हणायचं आणि मी आकडा सांगायचा. नवऱ्याशी माझं दिवसभरात जेवढं बोलणं व्हायचं त्याहून जास्त ह्या माणसाशी व्हायचं. म्हणून पारखांच्या बोलण्याचा राग आला आणि सामन्यात अगदी काटेकोर राहायचं हेही मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गर्ग्यांचा ग्लोव्ह हा पुंजारामचा प्रांत होता. पुंजाराम धात्रक त्यांचा कॅडी, पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा. चौदा वर्षं त्यांची बॅग तोच वाहत होता. उजव्या हाताने खेळणारा माणूस ग्लोव्ह फक्त डाव्या हातात घालतो, कारण काठी खरी धरून ठेवतात ती डाव्या हाताची शेवटची दोन-तीन बोटं. बाकीचे खेळाडू फटका मारला, की ग्लोव्ह चुरगाळून मागच्या खिशात कोंबतात. पुंजारामला ते बघवत नसे. फटका झाला की तो हात पुढे करायचा. ग्लोव्ह घ्यायचा, बोटं एकेक करून सरळ ओढायचा, मनगटाची पट्टी लावून टाकायचा म्हणजे तिचं खरखरीत टोक कातड्याला घासू नये, आणि बॅगेतल्या छत्रीच्या मुठीवर तो चढवायचा. बॅग कायम अशी धरायची, की मुठीवर सावली पडेल. उन्हात वाळवलेलं कातडं पापडासारखं होतं, असं तो म्हणे. ऑक्टोबरच्या उन्हात एक ग्लोव्ह पुरत नाही, म्हणून दोन आळीपाळीने. दुसरा वहीच्या जाड पुठ्ठ्यांत सपाट दाबलेला. घामाचा टॉवेल वेगळ्या कप्प्यात, ग्लोव्हला त्याची ओल लागता कामा नये. इतक्या जपणुकीतल्या वस्तूला काही लागलं असेल, तर ते चुकून लागलेलं नसणार.

मग लावलं कुणी?

सहाव्या होलनंतर चहाची टपरी होती. तिथे दहा मिनिटं थांबलो होतो. पारखांचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांनी विजार वर करून बाम चोळला होता. तोही बाकावर बसून, आणि त्या बाकाला टेकूनच गर्ग्यांची बॅग उभी होती. मुठीवर ग्लोव्ह. हे मला आठवलं आणि मी पारखांच्या हाताकडे बघितलं. त्यांच्या ते लक्षात आलं.

"माझा हात हुंगायचाय का, बाई?" त्यांनी हात पुढे केला. "बामच आहे. कापराचा वास येईल. त्या ग्लोव्हला येतोय का कापराचा वास?"

येत नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग खेळू द्या," पारख म्हणाले.

गर्ग्यांनी दुसरा ग्लोव्ह घातला. सातवा होल गेलाच होता. आठवा त्यांनी राखला, नववाही. पण दर फटक्याआधी ते तळवा विजारीला पुसत होते आणि ग्लोव्हकडे असं बघत होते, जसं घरात चोरी झाल्यावर माणूस मोलकरणीकडे बघतो.

चालताना ते माझ्या शेजारी आले. "तुला माहितीये, पारखांचा कॅडी कोण आहे?"

"शंकर."

"शंकर म्हणजे ह्या पुंजारामचा साडू. सख्खा. दोघांच्या बायका बहिणी." मग म्हणाले, "आजकाल कुणाचा भरवसा धरायची सोय नाही. तिकडे तेच, इकडे तेच."

तिकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष पुढे होतं. पुढे पुंजाराम आणि शंकर दोन बॅगा खांद्याला लावून जवळजवळ चालले होते. शंकर काहीतरी म्हणाला. पुंजारामने मान झटकली. शंकरने पुन्हा गर्ग्यांच्या दिशेने हनुवटी उडवून काहीतरी विचारलं. मी पावलं उचलली, जवळ गेले, तशी दोघांची तोंडं मिटली आणि दोन बॅगांमध्ये चार हातांचं अंतर पडलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम," शंकर म्हणाला. "पोरीच्या सोयरिकीचं."

सोयरिकीचं बोलताना माणूस दुसऱ्याच्या मालकाकडे हनुवटी का उडवेल?

त्यानंतर मी खेळ बघणं सोडून पुंजारामला बघायला लागले. दहाव्या होलवर गर्ग्यांनी हिरवळीवरचा शेवटचा हलका फटका मारायला ग्लोव्ह काढून दिला. सगळे चेंडूकडे बघत असताना पुंजाराम बॅगेमागे वळला. डाव्या हातात ग्लोव्ह होता. उजवा हात कमरेच्या कापडी चंचीत गेला, बाहेर आला आणि ग्लोव्हच्या बोटांवरून दोनदा फिरला. मग त्याने ग्लोव्ह झटकला. उन्हात पिवळसर धूळ उडालेली मी डोळ्यांनी पाहिली.

चौदा वर्षं ज्याने ह्या माणसाचं सामान सांभाळलं, त्यानेच? आणि अंतिम सामन्यात?

त्याच क्षणी सामना थांबवायचा मला अधिकार होता. पण थांबवून म्हणायचं काय? मी ठरवलं, की आणखी एकदा बघू आणि मग बोलू.

ते एकदा लगेच आलं. अकराव्या होलवर तळं आहे. गर्ग्यांनी काठी उचलली, मागे नेली, आणि खाली येताना ती मुठीत फिरली. ह्या वेळी सुटली नाही, नुसती फिरली. चेंडू कडेने तळ्यात गेला. मग त्यांनी ग्लोव्ह काढून जमिनीवर आपटला.

"उचल तो," ते पुंजारामला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. शस्त्रक्रियेच्या खोलीत चूक करणाऱ्याशी ते असंच हळू बोलत. "आणि आता ह्याला हात लावू नकोस. मॅडमकडे दे. दोन्ही ग्लोव्ह मॅडमकडे राहतील."

पुंजारामने वाकून ग्लोव्ह उचलला, माती फुंकली, बोटं सरळ केली, पट्टी लावली आणि दुसऱ्यासकट मला दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचे पाच होल मी दोन ग्लोव्ह हातात घेऊन चालले. गर्गे उघड्या हाताने खेळले आणि सोळाव्या होलवरच हरले, कारण पारखांची आघाडी उरलेल्या दोन होलांत भरून निघण्यासारखी नव्हती. पारखांनी हात पुढे केला. गर्ग्यांनी तो घेतला नाही.

क्लबच्या व्हरांड्यात अध्यक्ष दाबके वाट बघत होते. गर्गे सरळ त्यांच्याकडे गेले. "माझी तक्रार आहे. माझ्या सामानात छेडछाड झाली आहे. निकाल राहू दे, मला करंडक नको. पण हा कॅडी उद्यापासून ह्या आवारात दिसता कामा नये. आणि ज्याच्या सांगण्यावरून त्याने हे केलं त्याचंही समितीने बघावं."

"कुणाच्या सांगण्यावरून?" पारख पायरीवरून ओरडले. "नाव घ्या की! मी ह्या क्लबात वीस वर्षं आहे!"

दाबक्यांनी दोन्ही हात वर केले. "पंचांचा अहवाल आल्याशिवाय काही नाही. वसुधाताई, अर्ध्या तासात लेखी द्या."

मी मागच्या बाजूला कॅडींच्या शेडमध्ये गेले. पत्र्याखाली बॅगा ओळीने टेकवलेल्या होत्या. पुंजाराम गर्ग्यांच्या काठ्या ओल्या फडक्याने पुसत बसला होता. नोकरी जाणार हे कळल्यावरही तो त्या पुसतच होता.

"चंची काढ," मी म्हटलं.

त्याने काढून दिली. आत तंबाखू नव्हती. पिवळसर खड्यांची भुकटी होती. चिमटीत धरली तर बोटं एकमेकांना चिकटली.

"हे काय आहे?"

"राळ."

"राळ?"

"झाडाची राळ, मॅडम. जडीबुटीच्या दुकानात मिळते. खलबत्त्यात कुटली नि वस्त्रगाळ केली."

मी बोटं उघडमीट करत राहिले. चिकट होती. घसरण्यासाठी माणूस तेल लावेल, मेण लावेल. राळ लावेल तो घसरू नये म्हणून. नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ होतं. हाताला किंवा ग्लोव्हला राळ लावायला बंदी नाही.

"तू साहेबांना मदत करत होतास," मी म्हटलं. "मग तिथे सांगितलं का नाहीस? सगळ्यांसमोर चोर ठरलास."

तो फडकं पिळत बसला.

"शंकर तुला काय विचारत होता?"

"त्याच्या बी ध्यानात आलंय." त्याने मान वर केली. "म्या म्हणलं, तोंड उघडलंस तर तुझी माझी सोयरीक संपली. पारखसाहेबाला कळलं तर गावभर करतील."

"काय कळलं तर?"

पुंजाराम उठला. बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून त्याने पुठ्ठ्यांची जाड चळत काढली आणि बाकावर सोडली. जुने ग्लोव्ह होते. फेकायचे नाहीत, सरावाला आणि पावसाळी खेळाला वापरायचे, अशी त्याची रीत. प्रत्येकाच्या पट्टीवर आतून बॉलपेनने महिना लिहिलेला. कुठला किती वापरला ते कळावं म्हणून. त्याने ते ओळीने मांडले. जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर. शेवटी माझ्या हातातले दोन त्याने मागून घेतले आणि तेही ठेवले.

"बघा."

मी बघितलं. पांढरे, मळके, पांढरे. काही कळलं नाही.

"असं नाही. हे बघा." त्याने जानेवारीच्या ग्लोव्हच्या करंगळीवर बोट ठेवलं. आतल्या बाजूचं कातडं घासून काळं आणि गुळगुळीत झालं होतं, शेजारच्या बोटाचंही. "हितं झिजायला पायजे. ही दोन बोटं दांडा धरत्यात. चौदा वर्सं साहेबाचा ग्लोव्ह हितंच झिजला." बोट मार्चवर गेलं. डाग फिकट. मे. जुलै. सप्टेंबरच्या ग्लोव्हची करंगळी दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. मात्र अंगठ्याच्या मुळाशी भोक पडलं होतं.

"आता समदा जोर अंगठ्यावर," पुंजाराम म्हणाला. "ही दोन बोटं धरतच नाहीत, मॅडम. नुसती पडून राहत्यात. म्या जूनपासनं राळ लावतोय. राळेवर धकलं तोवर धकलं. आज नाही धकलं."

मी बाकावर बसले.

तो बोलत होता ते मला ऐकू येत होतं, पण डोळ्यांसमोर शेड नव्हती. शस्त्रक्रियेची खोली होती. जुलैत एकदा गर्ग्यांच्या डाव्या हातातला चिमटा खाली पडला होता. ते कुमुद सिस्टरवर कडाडले होते. "सात नंबरचे ग्लोव्हज मागितले, तर साडेसातचे देता? हातात काही टिकत नाही!" पुन्हा ऑगस्टमध्ये. मग त्यांनी मेट्रनला लिहून दिलं आणि नऊ वर्षं आमच्या टेबलाशी उभी राहिलेली कुमुद सोनार वॉर्डात रात्रपाळीला गेली. गाठी बांधायचं काम ते आताशा असिस्टंटवर सोडत. तरुण पोरांना शिकवायला हवं, असं म्हणत. मला ते कौतुकाचं वाटलं होतं.

सोमवारच्या यादीत पहिलं नाव ओझरच्या एका बाईचं होतं. थायरॉईडची गाठ. गळ्यातली ती जागा अशी, की आवाजाची नस दोऱ्याएवढी आणि हाताशी लागून. डावा हात चिमट्याने ऊतक उचलून धरतो आणि उजवा कापतो. डावा हात ढळला तर काय होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

"हे तू कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार? सर्जनला 'साहेब, तुमचा हात गेला' असं म्या सांगू? कॅडीनं?"

मी अहवाल तिथेच, बाकावर कागद ठेवून लिहिला. ग्लोव्हला लावलेली वस्तू राळ असून ती नियमाला धरून आहे. छेडछाड झालेली नाही. कॅडी अथवा प्रतिस्पर्धी यांचा दोष नाही. निकाल कायम. सही केली.

गर्गे खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत एकटेच बाकावर बसले होते. बूट काढलेले, मोजे तसेच. मी दार लोटून घेतलं.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"राळ होती."

"म्हणजे लावलं होतंच ना त्याने काहीतरी! मी म्हटलं होतं."

"सर, हा अहवाल. एकदा वाचा." मी कागद पुढे केला. त्यांनी उजवा हात पुढे केला. मी कागद मागे घेतला. "डाव्या हाताने धरा. अंगठा आणि तर्जनीमध्ये. अंगठा सरळ ठेवून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं हाताच्या दुखण्याच्या प्रत्येक रोग्याला त्यांनी हेच सांगितलं होतं. कागद धरा, मी ओढतो. नस शाबूत असेल तर अंगठा सरळ राहतो. नसेल तर कागद राखायच्या धडपडीत अंगठ्याचं टोक आकड्यासारखं वाकतं. रोग्याला ते थांबवता येत नाही आणि लपवताही येत नाही.

"हा काय पोरखेळ आहे?" ते म्हणाले.

"धरा, सर."

त्यांनी धरला. मी हळूच ओढला. अंगठा वाकला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. त्यांनी तो सरळ करायचा प्रयत्न केला आणि कागद निसटून माझ्या हातात आला.

व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला. कपबश्या वाजल्या.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तेच झालं. त्यांनी हात उलटा करून उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसून तिथे खळगा पडला होता. हा हात अकरा वर्षं रोज माझ्यासमोर होता.

"उशीवर दबतो रात्री," ते म्हणाले. "मान अवघडली आहे थोडी."

"सर, उद्याची थायरॉईड."

"होईल ती."

"मी भूल देणार नाही."

"दुसरा भूलतज्ज्ञ मिळेल."

"मिळेल. त्यालाही मी हे सांगेन."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी कपाट उघडलं, आत बघितलं आणि पुन्हा बंद केलं. "अकरा वर्षं, वसुधा," ते म्हणाले. "अकरा वर्षांत मी तुझ्या कामात कधी बोट घातलं?"

"नाही."

"मग हे तुला कुणी शिकवलं? पारखांनी?"

"पुंजारामने सांगितलं. त्याच्याकडे तुमचे वर्षभराचे ग्लोव्ह आहेत. तारखांसकट."

ते पुन्हा बाकावर बसले. बाहेर दाबक्यांनी माझ्या नावाने हाक मारली.

"करंगळी फेब्रुवारीपासून बधिर आहे," गर्गे म्हणाले. माझ्याकडे न बघता, हाताकडे बघत. "सकाळी चहाचा कप धरला, तर गरम आहे की गार ते कळत नाही. मी आरशासमोर उभा राहून हीच परीक्षा घेतली होती. मे महिन्यात. एकदाच. पुन्हा घेतली नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? सर्जनचा हात गेला म्हणून सर्जनने कुणाला सांगायचं?"

दोन जणांच्या तोंडून अर्ध्या तासात मी तेच वाक्य ऐकलं.

मी बाहेर जाऊन अहवाल वाचून दाखवला. पारखांनी विचारलं, "मग काठी सुटली कशाने?" मी म्हटलं, "घामाने. ऑक्टोबर आहे." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून बघितलं. पण करंडक त्यांचा होता, ते गप्प बसले. गर्गे मागून आले, पारखांशी हात मिळवला आणि दाबक्यांना म्हणाले, "तक्रार मागे घेतली असं लिहून घ्या." त्यानंतर त्यांनी क्लबच्या फोनवरून हॉस्पिटलला स्वतः सांगितलं, की उद्याची यादी रद्द करा आणि ओझरच्या पेशंटला दुसऱ्या सर्जनकडे पाठवा.

नस कोपराशी आवळली गेली होती. मुंबईला जाऊन त्यांनी ती मोकळी करून घेतली. मेमध्ये केली असती तर हात पूर्ण आला असता. ऑक्टोबरात केली, अर्धा आला. त्यांनी पुन्हा चाकू हातात घेतला नाही. पुढे मेडिकल कॉलेजात शिकवत राहिले आणि चांगलं शिकवत, असं ऐकलं. माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, नंतर जुजबी बोलायला लागले. पुंजारामकडे मात्र ते पुढच्याच रविवारी गेले. शेडमध्ये दहा-बारा कॅडी बसलेले असताना त्यांच्या देखत म्हणाले, "पुंजाराम, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला." पुंजाराम म्हणाला, "ते जाऊ द्या साहेब. हात दाखवला का कुणाला?"

हे सगळं पुढे लोकांना कळलंच. सामन्यानंतरच्या सोमवारची सकाळ मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

यादी रद्द झाल्यामुळे मला काम नव्हतं. तरी मी सातला हॉस्पिटलात गेले आणि बायकांच्या वॉर्डात कुमुद सोनारला शोधलं. तिची रात्रपाळी संपत होती. टेबलाशी उभं राहून ती दिवसपाळीच्या मुलीला कागदपत्रं समजावून देत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की ग्लोव्हज बरोबरच होते, तुझी चूक नव्हती, सरांच्या हाताचं दुखणं निघालं आहे, मी स्वतः मेट्रनशी बोलून तुला परत आपल्याकडे आणते. मला वाटलं, ती रडेल, निदान सुस्कारा तरी टाकेल.

कुमुदने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं, मॅडम," ती म्हणाली. "सातच नंबरचे दिले होते मी. पाकीट जपून ठेवलंय अजून. चिमटाही नीट त्यांच्या हातात ठेवला होता, बोटं मिटेपर्यंत सोडला नव्हता. बोटं मिटलीच नाहीत." तिने पर्स खांद्याला लावली. "तुम्ही समोरच होतात की. मला वाटलं, तुम्हाला दिसलं असेल, म्हणून मी त्या दिवशी तुमच्याकडे बघत होते."

बस निघून जाईल म्हणून ती घाईने जिना उतरून गेली.